आरूच्या कार्डावरची टिक

"तू नगं भरू ओटी. तुझ्या पोटाला तसलं लेकरू हाय. कमलला भरू दे."

अक्का हे मोठ्याने बोलल्या नाहीत. चिडूनही नाही. नारळ जरा इकडं सरकव म्हणावं, त्या सुरात बोलल्या. माझ्या हातात ओटीचं ताट होतं. गहू, खण, हळकुंड, सुपारी, नारळ. समोर पाटावर त्यांची सून बसलेली, हिरव्या साडीत, सातवा महिना. भोवती पंचवीस-तीस बाया. आणि ते काही अक्कांचं घर नव्हतं. ती माझी अंगणवाडी होती. सकाळी मीच झाडून काढलं होतं, सडा टाकला होता, दाराला आंब्याची पानं बांधली होती. गरोदर बाईचं डोहाळजेवण अंगणवाडीत करायचं, सेविकेने ओटी भरायची, फोटो काढून मोबाईलवरून वर पाठवायचा, ही आमच्या कामाचीच रीत आहे. सेविका मी होते.

मी ताट कमलबाईच्या हातात दिलं. कमलबाई माझी मदतनीस. खिचडी शिजवते, पोरांना घरोघरून गोळा करून आणते. ताट घेताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी काय केलं ते सांगते. मी हसले. "हाव अक्का, खरं हाय तुमचं," असं म्हणाले. मग मोबाईल काढला, दोन पावलं मागे सरकले आणि फोटो घेतला. "जरा इकडं बघा सगळ्याजणी," असंही म्हणाले. फोटो चांगला आला. सुपरवायझर बाईंनी लगेच अंगठा पाठवला.

आमचं गाव देगलूर तालुक्यातलं. अक्कांच्या घरात सरपंचपद येऊन-जाऊन असतं. देगलूरच्या मोंढ्यात त्यांचं अडत दुकान आहे. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. मी खालच्या गल्लीची. बारावी झालेली आमच्या गल्लीतली पहिली सून. सेविकेची जागा निघाली तेव्हा अक्कांच्या भाचीनेही अर्ज केला होता. मार्क माझे जास्त होते, जागा मला मिळाली. पहिला महिना वरच्या गल्लीने पोरं पाठवली नाहीत. मग पाठवली, पण डोळा माझ्यावर ठेवून. ही कुठं चुकते, वजन कमी लिहिते का, डाळ घरी नेते का. मी चुकणार नाही असं ठरवलं होतं. माझं रजिस्टर बीटमध्ये सगळ्यात स्वच्छ असायचं. बीट म्हणजे एका सुपरवायझरखालची पंचवीसेक गावं. तेवढ्या गावांत माझ्या अक्षराचं नाव होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. अक्कांनी माझा अपमान केला तो गावाने पाहिला. त्याच्या आधी मी जे केलं ते कुणी पाहिलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक लेकराचं कार्ड असतं. वजन, लस आणि शेवटच्या पानांवर चित्रं. लेकरू हसतं का. बोटाने दाखवतं का. टाटा करतं का. नाव घेतल्यावर वळून बघतं का. सेविकेने समोर बसून बघायचं आणि हो किंवा नाहीच्या चौकोनात टिक करायची. त्यासाठी देगलूरला आम्हाला तीन दिवस शिकवलं होतं. शिकवणाऱ्या ताई पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या की, नाही असेल तर नाही लिहा, लगेच पुढे पाठवा, या वयात गेलेला वेळ परत मिळत नाही. मी ते वहीत लाल पेनाने लिहून घेतलं होतं. खाली रेघही मारली होती.

माझी आरू दीड वर्षाची झाली तेव्हा मी तिचं कार्ड घेऊन बसले. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघीच. ती भिंतीकडे तोंड करून ताटली फिरवत होती. ताटली थांबली की पुन्हा फिरवायची. मी मागून हाक मारली. "आरू." नाही वळली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जवळ जाऊन मारली. नाही. मग मी मुद्दाम तांब्या खाली टाकला, तर तिने झटकन कानांवर हात ठेवले. म्हणजे ऐकू येत होतं. चांगलं ऐकू येत होतं. फक्त तिचं नाव तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मला त्याच मिनिटाला कळलं. दुसऱ्या कुठल्या आईला कळलं नसतं, मला कळलं, कारण मला ते शिकवलं होतं. आणि मी पेन उघडून हो वर टिक केली.

बोटाने दाखवते, हो. टाटा करते, हो. दोन शब्द बोलते, हो. दोन वर्षांच्या रकान्यात हो. तीन वर्षांच्या रकान्यात हो. एकेक टिक सारखी, सुबक. माझ्या मनात काय होतं ते सांगते. सेविकेचंच लेकरू असलं निघालं तर वरची गल्ली काय म्हणेल, हे होतं. खालच्या गल्लीची बाई ठेवली तर बघा कसं झालं, असं म्हणतील, हे होतं. आरूचं काय होईल, हे त्यानंतर होतं. खूप नंतर.

गावाला काय, दिसतच होतं. ती पायाच्या चवड्यांवर चालायची. भजनाचा भोंगा लागला की कोपऱ्यात शिरून बसायची. बाटल्यांची झाकणं उंबऱ्यावर एका ओळीत लावायची आणि एक हललं तर जमिनीवर डोकं आपटायची. कुणी विचारलं की मी म्हणायची, "उशिरा बोलणारी हाय, आमच्या मामाचंबी तसंच होतं." माझा मामा चार माणसांत तोंड मिटत नाही. गावाला सगळं कळलं होतं. कार्डालाच तेवढं कळलं नव्हतं.

माहूरला जाऊन आले, देवीला नवस बोलले. कुणी सांगितलं म्हणून जिभेला मध चाटवला, कुणी सांगितलं म्हणून गळ्यात ताईत बांधला. सगळं केलं. डॉक्टर सोडून सगळं. डॉक्टरने लिहून दिलं असतं तर माझ्या टिका खोट्या पडल्या असत्या.

अंगणवाडीत तिचं नाव पटावर होतं. हजेरी रोज लागायची, मीच लावायची. पण ती तिथं नसायची. ती घरी असायची. सासू शेतात, आरूचे पप्पा टेम्पोवर. दहा वाजता मी माझ्या जुन्या मऊ साडीची पट्टी तिच्या कमरेला आणि दुसरं टोक बाजेच्या पायाला बांधायची. शेजारची म्हातारी अधूनमधून डोकावायची. मी मधे एकदा पळत येऊन बघून जायची. मऊ साडी घेतली म्हणून मी स्वतःला चांगली आई समजत होते. तिला बांधून जायची आणि तिथं दुसऱ्यांच्या पोरांना टाळ्या वाजवून गाणी शिकवायची.

तर, डोहाळजेवणाच्या त्या दिवशी मी घरी आले. तोंडावर अजून तेच हसू होतं, काढायचं राहून गेलेलं. पट्टी सोडली. आरूने माझ्याकडे बघितलं नाही, ती कधीच बघत नव्हती, पण त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. जोरात. "तुझ्यापायी," असं म्हणाले. 

ती रडली नाही. थोड्या वेळाने तिने माझा हात मनगटाशी धरला, ज्या हाताने मारलं होतं तोच, आणि ओढत फळीपाशी नेला. मुरमुऱ्याच्या डब्यावर नेऊन ठेवला. तिला भूक लागली होती. मागायला शब्द नव्हता म्हणून तिने माझा हात वापरला. मी डबा उघडून दिला आणि तिथंच फळीखाली बसून राहिले. अक्कांनी मला हलकं केलं तर मी हसले होते, आणि राग काढायला मला घरात तीन वर्षांची पोर सापडली. मला माझीच किळस आली.

चौथ्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो. आरूचे पप्पाही टेम्पो उभा करून आले. लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी आरूला तासभर बघितलं, खेळणी दिली, लपवली, हाका मारल्या. मग सांगितलं, याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम. वेड नाही, शाप नाही, तुमच्या कर्माचं फळ नाही. पूर्ण जाणार नाही, पण शिकवलं तर पुष्कळ शिकेल. मग कार्ड मागितलं. मी दिलं. त्यांनी शेवटची पानं उलटली, आरूकडे बघितलं, पुन्हा पानांकडे बघितलं.

"हे कुणी भरलंय?"

"अंगणवाडीच्या बाईनं," मी म्हणाले.

"या बायका झोपेत भरतात का? दीड वर्षाची असताना कळलं असतं. हिची दोन वर्षं फुकट गेली. तक्रार करा तुम्ही तिची."

"बदलून गेली ती," मी म्हणाले. सेविकेची कधी बदली होत नसते. मॅडमना ते माहीत नसावं.

"तुम्ही काय करता?"

"शेतात जाते रोजानं."

आरूचे पप्पा शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत समोर बघितलं. परतीच्या बसमध्ये आरू त्यांच्या मांडीवर खिडकीची काच चाटत होती. नायगाव गेलं, नरसी गेली. देगलूर जवळ आल्यावर म्हणाले, "सेविका मी हाय म्हणून सांगायला काय झालतं तुला?"  मी ओरडून घ्यायला तयार होते. ते ओरडले नाहीत.

तुम्हाला वाटेल इथून मी बदलले. नाही बदलले. आरूला शिकवायला लागले, हे खरं. महिन्यातून एकदा लातूरला एका केंद्रात नेऊ लागले, तिथल्या ताई दाखवतील तसं घरी करून घेऊ लागले. बांधणं बंद झालं. तिचे पप्पा तिला टेम्पोत शेजारी बसवून न्यायचे, इंजिनाचा आवाज तिला आवडायचा. पण गावात मी सांगायची, "पायाला दाखवायला नेते लातूरला." कार्डावरच्या टिका तशाच ठेवल्या. पटावर हजेरी लावत राहिले. मार खाल्लेल्या माणसाला शहाणपण येतं म्हणतात, मला नुसती सवय आली.

अक्कांना नातू झाला. विराज. पेढे वाटले, खालच्या गल्लीतही वाटले. मी दर महिन्याला वजन करायला जायची. वजन छान, उंची छान. तो दीड वर्षाचा झाला तेव्हा मी कार्ड घेऊन गेले. अक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या. मला उंबऱ्यापाशी चटई टाकली होती, नेहमीसारखी. विराज ओसरीवर खेळण्यातला ट्रॅक्टर उलटा करून त्याचं चाक फिरवत होता. थांबलं की पुन्हा फिरवत होता.

मी हाक मारली. "विराज." दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा. अक्कांनीही मारली, "विरू, बाळा." नाही वळला. मी टाळी वाजवली, तर दचकला.

आता हेही लिहिते. मला आनंद झाला. जिवाला गार वाटलं. आता कळेल, असं मनात आलं. दीड वर्षाच्या लेकरासमोर बसून मी खूश झाले. अक्कांच्या मनातलं ओटीच्या दिवशी बाहेर आलं होतं, माझ्या मनात त्याहून वाईट निघालं.

"लिही की," अक्का म्हणाल्या. "समदं करतो म्हणून लिही. बापबी ह्याचा उशिराच बोलला."

"ताई, तो टाटापण करत नाही," आतून आवाज आला. सून दारात उभी होती. उदगीरची, बी.कॉम. शिकलेली. माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. कधीचं कळलं असावं.

"तू आत जा," अक्का म्हणाल्या. ती आत गेली.

पेन माझ्या हातात. मला हो लिहायचं होतं. किती सोपं होतं ते. हो लिहिलं असतं तर अक्का खूश, सुपरवायझर खूश, कुणी बोट दाखवलं नसतं. आणि माझा सूड पुरा झाला असता, कुणाला पत्ता न लागता. जाऊ द्या ह्यांचीही दोन वर्षं. ह्यांनाही फिरू दे नवस बोलत. ह्यांच्याही नातवाच्या कमरेला पट्टी येऊ दे. मी आज्ञाधारक बाईसारखी मान खाली घालून एवढी मोठी चोरी करू शकत होते. पूर्वी केलीच होती, माझ्याच घरात.

मी विराजकडे बघितलं. त्याने ट्रॅक्टर टाकून माझा हात मनगटाशी धरला होता. पेन पाहिजे होतं त्याला. माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, नुसता हात ओढत होता. 

मी नाही वर टिक केली. नाव घेतल्यावर बघत नाही. बोटाने दाखवत नाही. टाटा करत नाही.

अक्का झोपाळ्यावरून उठल्या. "काय लिवलंस?"

"न्हाई लिवलं, अक्का. नांदेडला डॉक्टरला दाखवा. लवकर दाखवा."

"तुझ्या घरचं आमच्या घरात आणू नगंस. तुझीच नजर लागली लेकराला. हो भाईर."

मी उठले.  पण या वेळी हसले नाही.

"अक्का, माझ्या पोरीच्या कार्डावर मी खोटं लिवलं. तिची दोन वर्सं मी खाल्ली. ह्याची न्हाई खाणार."

एवढंच बोलले. गल्लीत दोन बाया थांबून ऐकत होत्या. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं, आणि तेही अक्कांच्या ओसरीवर. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. रस्त्याने जाताना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं.

आठ दिवसांत तक्रार गेली. सेविका गरोदर बायांना, लेकरांना वाईटसाईट बोलते, कार्डावर मुद्दाम चुकीचं भरते. बीटच्या बैठकीनंतर सुपरवायझर बाईंनी मला मागे थांबवलं. बाई वाईट नाहीत. त्यांनाही नोकरी आहे. म्हणाल्या, "चुकून टिक पडली असं लिहून दे गं. दुसरं कार्ड बनवू, सगळं हो करून टाकू. कशाला मोठ्या घराच्या नादी लागतेस?"

मी कागद मागितला. तिथंच बाकावर बसून खुलासा लिहिला. विराजच्या कार्डावरची एकही टिक चुकून पडलेली नाही, असं लिहिलं. खोट्या टिका माझ्या मुलीच्या कार्डावर आहेत, त्या मी समजून-उमजून केल्या, तीन वयांच्या रकान्यांत केल्या, आणि तिची हजेरीही ती नसताना लावली. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं, त्याचाही मला राग आला. बाईंनी दोनदा वाचलं. "हे दिलंस तर तुझीच नोकरी जाईल, विराजचं राहील बाजूला," म्हणाल्या. मी म्हणाले, "द्या वर."

उत्तर अजून आलेलं नाही. नोकरी जाऊ शकते. खोटी हजेरी हा गुन्हा आहे आणि तो मी केलेला आहे, त्यात अक्कांचा काही हात नाही.

खुलासा दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी आरूचा हात धरून वरच्या गल्लीतून अंगणवाडीत गेले. तिने एका हाताने एक कान दाबून धरला होता. दारादारांतून बाया बघत होत्या. मला इतकी लाज वाटत होती की पाय उचलत नव्हता. आरूची नाही. ती पाच वर्षांची होईपर्यंत या रस्त्याने चालली नव्हती, त्याची. दोन घरांनी आपली लेकरं पाठवायची बंद केली. कमलबाईने आरूसाठी कोपऱ्यात वेगळी चटई टाकली. मी ती उचलली आणि बाकीच्यांच्या ओळीत टाकली. आरू घटकाभर बसते, उठते, ओरडते, पुन्हा बसते. रोज येते.

विराजला त्यांनी अजून कुठेच दाखवलेलं नाही. मागच्या आठवड्यात त्याची आई देगलूरच्या स्टँडवर दिसली, तो कडेवर होता. तिने मला बघून तोंड फिरवलं. ते फिरवणं मी ओळखते. नांदेडच्या त्या खुर्चीत बसून "बदलून गेली ती" म्हणाले, तेव्हा मीही तेच केलं होतं.

ह्या महिन्याचं वजन परवा आहे. मला काढलं नसेल तर सेविका म्हणून जाईन, काढलं असेल तर तशीच जाईन. कार्ड दिलं नाही तर माझ्या वहीत लिहीन. फाटक लावून घेतलं तर फाटकाशी उभी राहीन आणि त्याला नावाने हाक मारीन, पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशी. तीनदा मारीन. आणि तो वळला नाही, तर नाही म्हणूनच लिहीन.